सतराव्या नियमाचं कारण

दामूभाऊ,

तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कोपरच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. तुमच्या मुलाने शेजारच्यांच्या फोनवर कळवलं. शेजारीण दारातूनच म्हणाली, "अहो शुभाताई, तुमच्या केंद्रातले ते दामूभाऊ गेले हो." हातातलं ताट खाली ठेवायच्या आधी माझ्या मनात एकच शब्द आला. तो तुम्हाला सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं लिहिणं खोटं होईल. मनात आलं, 'सुटले.' रडू त्यानंतर आलं. खरंच आलं, पोटातून आलं, पण आलं ते दुसऱ्या नंबरावर.

कार्यकारिणीने मला तुमच्यावर दोन पानं लिहायला सांगितली आहेत, केंद्राच्या वार्षिक अंकासाठी. जन्म कुठला, शिक्षण किती, शाल-श्रीफळ कुणी कधी दिलं, हे सगळं दुसरं कुणीतरी लिहील. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि बोलायला बसले तर भीती वाटतेय. तुम्ही हसाल. "शुभाला झुरळ दिसला तरी ती खुर्चीवर, नाय दिसला तरी खुर्चीवर," असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचात. मी जन्माची भित्री, हे कबूल. पण आजची भीती झुरळाची नाही. ती नऊ वर्षं जुनी आहे आणि तुम्हाला ती बहुतेक माहीत होती.

अंक वाचणाऱ्यांत नवे लोक असतील, म्हणून थोडं सांगते. खोपटच्या एसटी डेपोमागे दोन खोल्यांत आपलं रुग्णसाहित्य केंद्र. चाकाची खुर्ची, कुबड्या, वॉकर, पाण्याची गादी, ऑक्सिजनचा सिलिंडर, ज्याच्या घरी आजारी माणूस असेल त्याने न्यावं आणि काम झालं की आणून द्यावं. पगारी माणूस एकही नाही. मी आले तेव्हा तिथे नुसता ढीग होता. कुबड्या एका उंचीच्या दोन सापडल्या तर नशीब. मग तुम्ही आलात, चेंदणीच्या कोळीवाड्यातून चालत, पायजमा घोट्याच्या वर, काखेत छत्री. वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात जन्मभर स्टोअर्स सांभाळून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी कुणाशी न बोलता तुम्ही तासभर नुसते उभे राहिलात आणि जाताना म्हणालात, "वस्तू पुष्कळ हायेत गो बाय. जागा नाय त्यांना."

मला वाटलं, हे आता मोठी खोली मागणार. तुम्हाला म्हणायचं होतं की प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची जागा नाही. आठवडाभरात भिंतीवर खिळे आले, प्रत्येक खिळ्याखाली पत्र्याचा नंबर आला. कुबड्यांच्या जोड्या सुतळीने बांधल्या गेल्या. सिलिंडर उघडायची जी लोखंडी चावी असते, ती टांगायला लाकडी फळी आली, बारा आकड्यांची. सिलिंडर गेला की त्याच्या नंबरची चावी जाणार, आकडा रिकामा दिसणार. "नजरेला कळलं पायजे," तुम्ही म्हणायचात, "वही उघडून कळलं तर उशीर झाला."

किती गोष्टी शिकवल्यात. सेवेला येणाऱ्या माणसाला 'जमेल तेव्हा या' म्हणायचं नाही, त्याला एक वार आणि एक काम द्यायचं, मग तो टिकतो. बैठक उभ्याने घ्यायची, म्हणजे भाषणं आपोआप आखूड होतात. ठराव झाला की त्यापुढे एका माणसाचं नाव आणि एक तारीख, दोन नावं लिहिली की काम कुणाचंच नाही. यातली एकही गोष्ट तुम्ही शिकवल्यासारखी सांगितली नाहीत. सुकट निवडता निवडता सांगावं तशी सांगितलीत, मध्येच काहीतरी दुसरंच बोलून.

आणि ती तुमची गैरहजेरीची तालीम! तिच्यावरून आपण किती भांडलो. महिन्यातला एक आठवडा तुम्ही केंद्रात यायचं नाही असं ठरवलं होतंत. आजारी नाही, गावाला नाही, समोरच्या चहावाल्याच्या बाकड्यावर बसलेले दिसायचात, पण आत यायचं नाही आणि आमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. पहिल्या वेळी एक गृहस्थ पलंग न्यायला आले आणि पलंगाचा मागचा पाय बसेना. मी रस्ता ओलांडून तुमच्याकडे धावत आले तर तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "मी मेलोय असं समज." मी रागाने म्हटलं, "भलतंच काय बोलता!" तुम्ही म्हणालात, "ज्याच्यावाचून अडतं तो मानूस संस्थेचा आधार नाय, धोका हाय. जा, पाय बसव." पाय बसला. बसवताना माझं बोट चेमटलं, ते तुम्हाला मी मुद्दाम दाखवलं नाही.

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले, तुमचं बाकडं रिकामं आहे आणि केंद्र चाललंय. खरंच चाललंय, एकही काम अडलेलं नाही. मला त्याचाही राग येतो.

तुमची नियमांची वही माझ्या अक्षरात आहे, कारण तुमचं अक्षर तुम्हालाही लागायचं नाही. डावीकडे नियम, उजवीकडे 'का?' असा रकाना. दुसऱ्या कुठल्या संस्थेत मी तसा रकाना पाहिलेला नाही. नियम चौथा, परत आलेली गादी आणणाऱ्याच्या समोरच उघडायची. का? एकदा ढेकूण निघाले आणि ते आमचे की तुमचे यावर दोन सभ्य माणसं हातघाईवर आली. नियम अकरावा, चाकाच्या खुर्चीचे ब्रेक आपण स्वतः बसून बघायचे. का? दामूभाऊ उतारावरून थेट भाजीवालीच्या टोपलीत गेले. हे तुम्ही मला तसंच लिहायला लावलंत. "कारन नसलेला नियम पहिल्या घाईत मोडतो," तुम्ही म्हणालात. "आनि जो मोडला त्याला वाटतं, आपन शहाने."

वहीत तेवीस नियम आहेत. बावीस नियमांपुढे कारण आहे. सतराव्यापुढे नाही.

ते का नाही, हे आता लिहिते.

नऊ वर्षांपूर्वीचं नवरात्र. तुमची गैरहजेरीची तालीम चालू नव्हती, तुम्ही एका पेशंटच्या घरी पलंग जोडायला गेला होतात. वस्तू द्यायच्या खिडकीवर मी एकटी होते. मला टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरायला जायचं होतं. संध्याकाळी रांग वाढते, म्हणून खिडकी पाऊण तास आधी बंद करायची असं मी सकाळीच मनाशी ठरवून आले होते. पिशवीत खण, नारळ, तांदूळ तयार होतं. कुलूप हातात घेतलं आणि रिक्षा थांबली. त्यातून एक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा उतरला. वडिलांना दम लागलाय, डॉक्टरांनी ताबडतोब ऑक्सिजन लावायला सांगितलाय. चिठ्ठी होती. मी सिलिंडर दिला, मीटर दिला, नळी दिली, सही घेतली. तो आणि रिक्षावाला दोघांनी तो उचलून ठेवला. मी कुलूप लावलं आणि निघाले. ओटी भरली. देवीचं दर्शन चांगलं झालं. आणि त्या अख्ख्या वेळात मला कसलीही शंका आली नाही, हे मला आजही सगळ्यांत भीतिदायक वाटतं.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली तर आकड्यावर सात नंबरची चावी.

सिलिंडर सात नंबरचाच गेला होता. चावीशिवाय सिलिंडर म्हणजे घरात आणून ठेवलेलं नुसतं लोखंड. तुम्ही यायची वेळ झाली होती आणि तुम्ही आल्या आल्या फळीकडे बघता हे मला माहीत होतं. मी चावी काढली आणि पर्समध्ये टाकली. मनात म्हटलं, ते लोक येतीलच मागायला, गुपचूप देऊन टाकू. पत्ता वहीत होता. मी त्यांच्या घरी जाऊ शकत होते. टेंभी नाक्याजवळची चाळ, चालत दहा मिनिटं. नाही गेले. दुपारपर्यंत जाईन म्हटलं, मग संध्याकाळी, मग उद्या. तुम्ही फळी पाहिलीत, सातवा आकडा रिकामा, सगळं नियमाप्रमाणे. तुम्ही समाधानाने खाली बसलात.

तिसऱ्या दिवशी तो आला. डोक्याचा गोटा केलेला, पायात चपला नाहीत. सुतकात घराबाहेर पडला होता, कारण दुसऱ्या कुणाला तरी सिलिंडर लागेल असं त्याला वाटलं. नाव प्रकाश. तुम्ही त्याला बसायला स्टूल दिलंत. तो बसला नाही. म्हणाला, "काका, चावी हरवली माझ्याकडून. शर्टाच्या खिशात ठेवलेली. नाक्यावर देवीची गर्दी, रिक्षा अडकली, मी उतरून पुढे रस्ता करत गेलेलो, तेव्हाच पडली असणार. परत इकडे धावत आलो तर खिडकी बंद. मग डेपोतल्या एका मेकॅनिकला पान्यासकट घेऊन गेलो. त्याने उघडला. पण लय वेळ गेला तोपर्यंत. बाबा रात्री गेले."

माझी पर्स माझ्या मांडीवर होती. चावी तिच्यात होती.

तुम्ही त्याला विचारलंत, "डॉक्टर काय बोलला?" तो म्हणाला, "डॉक्टर बोलले, तसंही अवघडच होतं." मग तुम्ही माझ्याकडे वळलात. आवाज नेहमीचाच होता. "बाय, चावी दिलेलीस ना तू?"

मी म्हटलं, "हो."

दामूभाऊ, एवढंच. नऊ वर्षांत मी त्याच्यापलीकडे खोटं बोललेली नाही, बोलायची वेळच आली नाही. तो मुलगाच माझ्या वतीने सगळ्यांना सांगत होता, आणि इतक्या खात्रीने सांगत होता की खिशाचं बटण तुटलेलं होतं हेसुद्धा त्याला आठवत होतं. न दिलेली चावी त्याला खिशात जाणवलेली आठवत होती! माणसाला इतकं आठवू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी मासुंद्याच्या काठाने घरी गेले आणि चावी तलावात टाकली. कुणी पाहिलं का म्हणून चारदा मागे बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

पुढच्या सोमवारी तुम्ही वही मागितलीत. "लिही. नियम सतरावा. सिलिंडर नेनाऱ्याने इथंच, आपल्यासमोर, सोताच्या हातानं तो उघडून दाखवायचा. मीटरचा काटा हलला पायजे. मग बंद करायचा नि मगच न्यायचा." मी लिहिलं. मग पेन उजव्या रकान्यावर नेलं. म्हटलं, "इथे काय लिहू?"

मला वाटलं, आता सांगाल 'चावी वाटेत हरवली म्हणून.' ते सोपं होतं, सगळ्यांना पटलेलंही होतं. पण तुम्ही ते सांगितलं नाहीत. म्हणालात, "ऱ्हाव दे मोकळा. ज्याला कारन ठावं हाय तो लिहील." आणि उठून खुर्चीच्या चाकाला तेल घालायला गेलात.

त्या दिवसापासून मला तुमची भीती वाटायला लागली. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं नाहीत, माझं काम काढून घेतलं नाहीत. उलट वर्षभरात खिडकीची सगळी जबाबदारी मला दिलीत. म्हणजे तुम्हाला काही माहीत नाही, असं मी स्वतःला समजवायची. आणि रात्री पाठ टेकली की वाटायचं, माहीत असल्याशिवाय कुणी रकाना मोकळा ठेवत नाही. तुमचा एक आवडता मंत्र होता. चूक झाली की 'कोनी केली' हे शेवटी विचारायचं, आधी विचारायचं 'कशी झाली.' कारखान्यात म्हणे 'कोणी' विचारलं की माणसं मोडलेला नग भंगारात लपवतात आणि 'कशी' विचारलं की टेबलावर आणून ठेवतात. मला तुम्ही कधीच 'कोणी' विचारलं नाहीत. तरी मी आणून ठेवलं नाही. तेवढी तुमची विद्या माझ्यापुढे हरली.

प्रकाश वर्षश्राद्धानंतर आपल्याकडे सेवेला यायला लागला. 'मला सिलिंडरचंच काम द्या' म्हणाला. तुम्ही त्याला गुरुवार दिलात. माझाही गुरुवारच होता. तो तुम्ही मुद्दाम दिलात का? हे विचारायचं राहिलं. नऊ वर्षांतली आठ वर्षं दर गुरुवारी तो माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला आहे. नेणाऱ्याच्या हातात चावी ठेवतो, बोटं मिटवायला लावतो, 'मोठ्याने बोला, चावी मिळाली' असं म्हणवून घेतो. लोक हसतात. तो शिंप्याकडून शर्ट शिवून घेतो तो बिनखिशाचा. एकदा मी विचारलं, "अरे, पेन कुठे ठेवतोस?" म्हणाला, "हातात. खिशावर माझा भरवसा नाय ताई." मला ताई म्हणतो. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला होता.

तुम्ही त्याला दोन-तीनदा म्हणालेलं मी ऐकलं आहे, "पोरा, चावी तुझ्याकडूनच पडली कशावरून? आमच्याकडूनबी ऱ्हायली असंल." तो मान हलवायचा. "नाय काका, मला आठवतंय ना." मी वहीत डोकं घालायची.

शेवटचं भेटायला आले तेव्हा तुम्ही आपल्याच केंद्राच्या पलंगावर होतात. बोलायला त्रास होत होता. खोलीत आपण दोघंच. तुमची सून चहा टाकायला आत गेलेली. तुम्ही विचारलंत, "वही कुनाकडं हाय?" म्हटलं, "माझ्याकडे." "मोकळा हाय का अजून?" मला कळलं नाही असं दाखवायला मी "काय?" म्हटलं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी जरा वेळ बसले, चहा प्यायले, निघाले. जिना उतरू लागले. परत वर जावंसं वाटलं होतं दामूभाऊ. दोन पायऱ्या चढलेही होते. मग तुमची नात शाळेतून आली आणि मी त्याचं निमित्त केलं.

म्हणून 'सुटले' असं आलं मनात. विचारणारा एकच माणूस होता आणि तो गेला.

गेल्या रविवारी बैठक झाली. उभ्याने नाही, तुम्ही गेल्यावर खुर्च्या आल्या. कार्यकारिणीवर नवे आलेले एक गृहस्थ आहेत, मोठ्या कंपनीत मॅनेजर, कमरेला पेजर. नाव लिहीत नाही, कारण त्यांचं काहीच चुकलं नाही. त्यांनी महिनाभर खिडकीवर उभं राहून टिपणं काढली होती. म्हणाले, "सिलिंडर देण्यात सगळ्यांत जास्त वेळ हा सतरावा नियम खातो. घरी माणूस धापा टाकतोय आणि इथे आपण नातेवाइकाची परीक्षा घेतोय. थरथरत्या हातांनी त्याला काटा हलवता येत नाही, मागे रांग थांबते. मागच्या महिन्यात एक बाई अक्षरशः रडल्या. माझी सूचना आहे की हा नियम काढावा. चावी सिलिंडरलाच साखळीने बांधा आणि लगेच द्या." मग वही पुढे ओढून म्हणाले, "प्रत्येक नियमाला इथे कारण आहे, फार सुंदर पद्धत आहे ती. याला नाही. मला कारण दाखवा, मी माघार घेतो."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी म्हणालं, दामूभाऊंची सवय असेल. कुणीतरी म्हणालं, त्या वेळी सिलिंडर जुने होते. मला कळत होतं की अजून पाच मिनिटांत नियम जाणार. साखळी बांधाल हो, पण वाल्व गंजून घट्ट बसला असेल तर? चावी झिजून नुसती फिरत असेल तर? नेणाऱ्याने जन्मात पहिल्यांदा ती हातात धरली असेल आणि उलट्या बाजूला पिळत बसला तर? घरी पोचल्यावर कुणाला विचारणार तो? हे सगळं माझ्या तोंडावर होतं, आणि तोंड उघडलं की पुढचा प्रश्न येणार होता, 'तुम्हाला हे इतकं कशावरून वाटतं?' घाम साडीच्या पदराला पुसला.

तेवढ्यात प्रकाश उठला.

"कारण मी आहे," तो म्हणाला. खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. त्याने सगळं सांगितलं, गर्दी, रिक्षा, तुटलेलं बटण. "काकांनी माझं नाव वहीत येऊ नये म्हणून जागा मोकळी ठेवली. मोठा माणूस होता. आता ते नाहीत, तर मीच सांगतो. लिहा ताई तुम्ही. लिहा, प्रकाशने चावी हरवली, त्याचे वडील गेले, म्हणून." आणि त्याने वही त्या गृहस्थांच्या पुढून उचलून माझ्यापुढे ठेवली. पेनसुद्धा स्वतःच उघडून दिलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. नियम बचावला होता. मी तेवढं एक वाक्य लिहायचं होतं, माझ्या सुवाच्य अक्षरात, आणि मरेपर्यंत कुणी मला काही विचारणार नव्हतं. भीती कमी झाली असं मुळीच झालं नाही. कुणी तुम्हाला सांगितलं की बोलताना धीर येतो, तर ते खोटं आहे. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "प्रकाश, चावी तुझ्याकडे नव्हतीच. मी दिलीच नव्हती. ती आकड्यावर राहिली होती. मला देवीला जायचं होतं म्हणून खिडकीही मीच लवकर बंद केली. तू आलास त्या दिवशी चावी माझ्या पर्समध्ये होती."

प्रकाश उभाच होता. त्याला राग यायला जरा वेळ लागला. आधी तो हिशेब लावत होता, मला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, कुठली आठवण खरी आणि कुठली नाही. मग त्याने विचारलं, "काकांना माहीत होतं?"

मी म्हटलं, "मला वाटतं, होतं."

"म्हणजे दोघंही," तो म्हणाला. "दोघंही मला इतकी वर्षं बघत होतात." चपला घालून तो गेला. दार लोटलंही नाही, उघडंच राहिलं.

दामूभाऊ, आपलं शेवटचं भांडण इथे आहे, आणि ते मला एकटीला भांडायचंय. तुम्ही माझ्यासाठी थांबलात. मला उघडं पाडलं नाहीत, आपणहून सांगेपर्यंत वाट बघितलीत, नऊ वर्षं जागा मोकळी ठेवलीत. एवढी माया मला माझ्या माहेरीही मिळाली नाही. तुमच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटतं. आणि तेव्हाच वाटतं, तुमचे खांदे धरून हलवावे. 'कोणी केली' हे शेवटी विचारायचं म्हणालात ना? मग ते शेवट कधी येणार होतं? तुम्ही माझी वाट बघत होतात आणि तोपर्यंत एक पोरगा रोज आपल्या बापाला मारत होता. माझी भीती तुम्ही सांभाळलीत, त्याची कुणी सांभाळली? कारखान्यात नग मोडतो तेव्हा शेजारच्या मशीनवरचा माणूस तो आपल्यामुळे मोडला असं समजून जन्म काढत नाही. इथे माणसं होती. तुमच्या विद्येत एवढी एक गोष्ट कमी पडली, आणि ती दाखवून द्यायचा अधिकार माझ्यासारखीला नाही, तरी दाखवते.

त्या गृहस्थांनी सोमवारी सकाळी येऊन सूचना मागे घेतली. म्हणाले, मीटरचं जोडकामही नेणाऱ्याकडूनच करून घेऊ. मी राजीनामा लिहून दिला होता, तो त्यांनी वाचला आणि टेबलावरच ठेवला. "आधी त्याला विचारा," म्हणाले, "मला नाही."

काल मी प्रकाशच्या चाळीत गेले. नऊ वर्षांपूर्वी जी दहा मिनिटं चालले नाही, ती चालले. दार त्याच्या आईने उघडलं. तिला सगळं कळलेलं होतं. आत या म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. उंबऱ्यापाशी दोघी उभ्या राहिलो. मग ती म्हणाली, "माझा लेक दोन दिवस झोपलाय बाई. नुसता झोपलाय. नऊ वर्षांत असा झोपला नव्हता. उठवू नका त्याला."

मी त्याला न उठवता परत आले.